बरणीचे झाकण

तंजावरच्या एखाद्या जुन्या घरातील कोठीची फळी आपण डोळ्यांसमोर आणू. तिच्यावर चिनी मातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. तमिळ शेजारी त्यांना ‘जाडी’ म्हणतात, मराठी घरांत त्यांना बरणी हेच नाव आहे. एका बरणीत खारात मुरत ठेवलेल्या कोवळ्या कैऱ्या, म्हणजे मावडू. दुसरीत मीठ लावून वाळविलेले नारत्तंगाय. तिसरीत चिंचेचा कोळ तिळाच्या तेलात आटवून केलेले पुळिक्काच्चल. शेजारी पत्र्याच्या डब्यांत ताकात भिजवून वाळविलेल्या मिरच्या, ज्यांना महाराष्ट्रात सांडगी मिरची म्हणतात, आणि वत्तल म्हणजे वाळविलेल्या भाज्या. सर्वांत लहान डबा कॉफीच्या भुकटीचा.

या फळीकडे नीट पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. झाकणे सारखी नाहीत. कोठे फडक्याचा दादरा बांधलेला आहे, कोठे मातीचे सैल झाकण आहे, कोठे आट्यांचे घट्ट झाकण, तर कोठे दाबून बसवावयाचे पत्र्याचे झाकण. ही निवड केवळ सवयीने झालेली नसते. प्रत्येक पदार्थाचा शत्रू वेगळा असतो, म्हणून त्याची राखणही वेगळी असते. त्या राखणीमागील शास्त्र सांगणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे. त्याचे सार प्रारंभीच सांगावयाचे तर ते असे: झाकण स्वतः अन्न टिकवीत नाही. उष्णतेने, मिठाने, आंबटपणाने किंवा वाळविण्याने जे टिकाऊ झाले आहे, ते तसेच राखण्याचे काम झाकण करते. या दोन गोष्टींत गल्लत झाली तर कधी पदार्थ वाया जातो, तर कधी खाणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो.

तंजावर आणि अन्नाचा साठा

तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचे मोठे केंद्र. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे भोसल्यांचे राज्य आले आणि मराठी भाषा येथील दरबारात व घरांत रुजली. दुसरे सरफोजी राजे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, सरस्वती महाल ग्रंथालयाची मोठी वाढ झाली. या ग्रंथालयाच्या संग्रहात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा पाकक्रियेवरील मराठी ग्रंथही आहे. त्याच शहरात आज अन्नप्रक्रियेचे आधुनिक शास्त्र शिकविणारी राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था उभी आहे. भातावरील प्रक्रियांच्या संशोधनातून ती वाढत गेली, आणि २०२१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. अन्नाच्या साठवणीचा विचार या नगरीला नवा नाही.

येथील हवामानही विचार करावयास लावणारे आहे. महाराष्ट्रात आगोटीची तयारी ज्येष्ठातील पावसापूर्वी उरकावी लागते. तंजावरला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर येतो. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात वाळविलेले वत्तल प्रथम पुष्कळ महिने उष्ण हवेत काढते, आणि मग त्याला दीर्घकाळ ओलसर हवेस तोंड द्यावे लागते. इतका काळ डब्याबाहेरील हवा डब्याबाहेरच ठेवावयाची, ही सोपी गोष्ट नव्हे.

अन्न का नासते?

अन्न बिघडविणारे चार प्रमुख शत्रू आहेत. पहिला शत्रू सूक्ष्मजीव: जिवाणू, यीस्ट आणि बुरशी. दुसरा ओलावा. तो सूक्ष्मजीवांना वाढू देतो आणि कुरकुरीत पदार्थ मऊ पाडतो. तिसरा हवेतील प्राणवायू. त्याच्या संयोगाने तेल खवट होते व सुवास मंदावतो. चौथा शत्रू म्हणजे मुंग्या, पोरकिडे, धूळ यांसारखे डोळ्यांना दिसणारे उपद्रव. झाकण निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावयाचा: या पदार्थाला यांपैकी कोणापासून भय आहे?

मावडूच्या बरणीचे उदाहरण घेऊ. खारातील मीठ आणि कैरीचा आंबटपणा यांमुळे बहुतेक जिवाणूंना तेथे वाढता येत नाही. भय उरते ते पृष्ठभागावर पांढरा तवंग आणणाऱ्या यीस्टचे, बुरशीचे आणि धुळीचे. म्हणून कैऱ्या खाराखाली दाबून ठेवणे व तोंडावर स्वच्छ दादरा बांधणे हा उपाय पुष्कळसा पुरा पडतो. दादरा हवाबंद नसतो आणि येथे तो तसा असण्याची गरजही नसते.

ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासातील एका प्रसिद्ध प्रयोगाशी जुळते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने १८६० च्या सुमारास काचेच्या चंबूत यीस्टचा अर्क उकळला आणि चंबूची मान हंसाच्या मानेसारखी वाकवून ठेवली. मानेचे टोक उघडेच होते. हवा आत-बाहेर जाऊ शकत होती, तरी अर्क नासला नाही, कारण धूळ व तिच्याबरोबर येणारे सूक्ष्मजीव मानेच्या वळणातच अडकून राहिले. चंबू तिरपा करून अर्क त्या वळणापर्यंत नेताच तो नासू लागला. नासविणारी वस्तू हवा नसून हवेतून वाहत येणारे जीव होत, हे त्यावरून सिद्ध झाले. झाकणाचे काम हवा अडविण्याचे आहे असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः प्रत्येक वेळी काय अडवावयाचे हे वेगळे ठरवावे लागते.

बुचापासून आट्यांपर्यंत

पाश्चरपूर्वी सुमारे अर्धशतक, अन्न का नासते हे ठाऊक नसतानाही, निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने ते टिकविण्याची रीत शोधून काढली होती. जाड काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरावयाचे, बूच घट्ट ठोकून ते तारेने बांधावयाचे आणि बाटली उकळत्या पाण्यात पुष्कळ वेळ ठेवावयाची. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने आपली रीत प्रसिद्ध करण्याच्या अटीवर त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. आपेरने बुचाच्या निवडीकडे अतिशय लक्ष पुरविले होते. उष्णता आपले काम करून जाते, पण पुढचे कित्येक महिने सारा भार बुचावर असतो, हे त्याने अनुभवाने जाणले होते.

बुचाची अडचण अशी की ते प्रत्येक बाटलीला बेतून बसवावे लागे, वर मेण किंवा लुकण लावावे लागे, आणि काढताना ते बहुधा तुटे. या अडचणीवर अमेरिकेतील जॉन लँडिस मेसन या कारागिराने तोडगा काढला. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी त्याला काचेच्या बरणीच्या गळ्यावर आटे पाडण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. जस्ताचे आट्यांचे झाकण फिरवीत गेले की ते बरणीवर दाबून बसे. ते पुनःपुन्हा काढता-घालता येई आणि त्याला कारागिराची गरज नसे. पण आंबट पदार्थ जस्ताला लागून त्यात धातू उतरे. म्हणून १८६९ मध्ये लुइस बॉइड याने झाकणाच्या आतून काचेची चकती बसविण्याची युक्ती योजिली.

जर्मनीत निराळी वाट काढण्यात आली. रुडॉल्फ रेम्पेल याने १८९२ मध्ये पेटंट घेतलेल्या रीतीत काचेचे सपाट झाकण, त्याखाली रबरी कडे आणि उकळताना झाकण जागेवर धरणारी पकड एवढेच होते. बरणी निवली की आतील पोकळी झाकणाला ओढून धरी आणि पकड काढून घेता येई. १९०० साली योहान वेक याने स्थापन केलेल्या कंपनीमुळे ही रीत घरोघर पोहोचली. अमेरिकेत विल्यम पेंटर याने बाटलीच्या काठावर दुमडून बसणारे, आत बुचाची चकती असलेले पत्र्याचे टोपण १८९२ मध्येच सिद्ध केले. सोडावॉटरच्या बाटलीवरील दातेरी टोपण ते हेच. पुढे विसाव्या शतकात पत्र्याची चकती व निराळे आट्यांचे कडे असे दोन भागांचे झाकण आले. त्यानंतर पाव फेऱ्यात घट्ट बसणारे, आतील काठावर प्लॅस्टिकचा मऊ थर असलेले झाकण आले. आज बाजारातील मुरंब्याच्या व लोणच्याच्या काचेच्या बरण्यांवर बहुधा हेच झाकण आढळते.

झाकणाचे तीन अवयव

वरील सर्व झाकणे दिसावयास भिन्न असली तरी त्यांची रचना तीन अवयवांची आहे.

पहिला अवयव म्हणजे बरणीचा काठ. तो गुळगुळीत, सपाट व अखंड असला पाहिजे. चिनी मातीची बरणी सुकताना आणि भट्टीत भाजताना आकसते, आणि त्या आकसण्यात तिचे तोंड किंचित वाकडे होते. म्हणून तिचे मातीचे झाकण कितीही काळजीने घडविले तरी कोठेतरी फट राहतेच. साच्यात दाबून केलेल्या काचेच्या काठात हा दोष फार थोडा असतो. हवाबंद झाकणाचा प्रसार काचेच्या बरणीबरोबर झाला त्याचे हे एक कारण होय.

दुसरा अवयव म्हणजे मऊ कडे. काच व पत्रा हे दोन्ही कठीण. कठीण वस्तू कठीण वस्तूवर ठेवली तर त्यांचा स्पर्श फक्त काही उंचवट्यांवर होतो आणि मध्ये बारीक वाटा राहतात. एक सामान्य जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. आपल्या नजरेला न दिसणारी फट त्याला राजमार्गासारखी आहे. रबर, बूच किंवा प्लॅस्टिकचा मऊ थर दाबला असता त्या उंचसखल भागांत शिरतो व वाटा बुजवितो. येथे एक नियम ध्यानात ठेवावा: काठाचा वाकडेपणा जितका, त्याहून अधिक दबण्याची शक्ती कड्यात हवी. रबर जुने होऊन कडक झाले, त्याला भेगा पडल्या, किंवा त्यावर काठाचा कायमचा खळगा उमटला की ही शक्ती संपते. तेल व मसाले रबराला लवकर जुने करतात आणि त्यांचा वास त्यात मुरतो. लोणच्याच्या बरणीचे कडे कॉफीच्या डब्याला वापरू नये ते यासाठीच.

तिसरा अवयव म्हणजे दाब. कडे दाबलेले राहिले पाहिजे, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे. आटे हे वस्तुतः गोल गुंडाळलेला उतार होत. ७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाची कड एका फेऱ्यात सुमारे २२ सेंटिमीटर फिरते, पण त्या अवधीत झाकण खाली उतरते ते जेमतेम ४ मिलिमीटर. हाताच्या थोड्या जोराचे कड्यावर मोठ्या दाबात रूपांतर होते ते या युक्तीने. घर्षणामुळे त्यातील बराच भाग वाया जातो हे खरे. पण त्याच घर्षणामुळे झाकण आपोआप उलटे फिरून सैल होत नाही. तारेच्या पकडीत हेच काम तरफेने होते. कॉफीच्या डब्याच्या दाबून बसवावयाच्या झाकणात ते पत्र्याच्या लवचिकपणाने होते, आणि म्हणूनच ते उघडावयास चमच्याचा दांडा खाली घालून उचकटावे लागते.

या तिहींबरोबर एक चौथी गोष्टही पाहावी लागते. झाकणाचे द्रव्य पदार्थाला सोसणारे असले पाहिजे. मीठ व आंबट रस लोखंडी पत्र्यास गंज आणतात. म्हणून लोणच्यासाठी आतून लेप दिलेला पत्रा, काच किंवा योग्य प्लॅस्टिक वापरतात. लेपावर ओरखडा उठला की गंज तेथूनच सुरू होतो.

वाफेने बसणारे झाकण

बाजारातून आणलेली मुरंब्याची नवी बरणी उघडताना ‘टक्’ असा आवाज होतो आणि झाकणाच्या मध्यावरील खळगा वर उसळतो. या आवाजामागील हिशेब शाळेतील विद्यार्थ्यांस सहज करता येईल.

समजा, ८५ अंश सेल्सिअस उष्णतेचा पदार्थ बरणीत भरला, वर थोडी जागा मोकळी ठेवली आणि लगेच झाकण लावले. त्या उष्णतेवर मोकळ्या जागेतील दाबापैकी सुमारे ५७ टक्के वाटा पाण्याच्या वाफेचा असतो व ४३ टक्के हवेचा. बरणी ३० अंशांपर्यंत निवली की वाफ बहुतेक सर्व थिजून पाणी होते व तिचा वाटा ४ टक्क्यांवर येतो. हवाही थंड होऊन तिचा दाब सुमारे ३६ टक्क्यांवर उतरतो. आतील एकूण दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे ४० टक्के एवढाच राहिला. वातावरणाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भाराइतका असतो. ७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटिमीटर. तेव्हा बाहेरची हवा त्या झाकणाला सुमारे २३ किलोग्रॅम भाराने खाली दाबून धरीत आहे. एवढा भार दिवसरात्र, न थकता, सर्व बाजूंनी सारखा देणारी दुसरी पकड मिळणे कठीण.

हा खळगा पहारेकऱ्याचेही काम करतो. बरणीत कोठे फट पडली किंवा आत सूक्ष्मजीवांनी वायू तयार केला, तर पोकळी नाहीशी होते आणि खळगा वर येतो. न उघडलेल्या बरणीचा खळगा वर आलेला दिसला, तर तो पदार्थ चाखूनही पाहू नये. याउलट खळगा खाली आहे एवढ्यावरून पदार्थ निर्धोक ठरत नाही. आत पोकळी आहे एवढेच तो सांगतो. आत काय जिवंत आहे हे तो सांगू शकत नाही.

कोरडे पदार्थ आणि ओलसर हवा

वत्तल, वडम किंवा सांडगी मिरची यांच्या बाबतीत ओलावा हाच मुख्य शत्रू. ३० अंश उष्णतेच्या ओलसर हवेत प्रत्येक लिटरमागे सुमारे २४ मिलिग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. समजा, डब्यात २०० ग्रॅम वत्तल आहे आणि वर एक लिटर जागा रिकामी आहे. डबा उघडताना ती सर्व हवा बदलली असे धरले, तर ४० वेळा उघडल्यावर जवळजवळ १ ग्रॅम पाणी आत येते. म्हणजे कितीही उत्तम झाकण असले तरी ते उघडल्या वेळी निरुपयोगी असते. साठ्याचा मोठा डबा क्वचित उघडावा, आणि रोजच्या वापरासाठी आठवड्यापुरते लहान डब्यात काढावे, या घरगुती रीतीचे हेच समर्थन आहे. ओला चमचा तर याहून वाईट, कारण तो एका खेपेस तेवढेच पाणी आणू शकतो.

सैल झाकणाचा डबा मात्र न उघडताही श्वास घेतो. रात्री २४ अंश व दिवसा ३४ अंश असा फरक असेल, तर डब्यातील हवा दिवसा सुमारे ३ टक्क्यांनी प्रसरण पावून बाहेर पडते आणि रात्री तेवढीच नवी हवा आत येते. एका दिवसाचा हा श्वास लहान असतो. परंतु फटीतून वाफ अशीही सतत झिरपत असते, आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांत त्याचा परिणाम वत्तलाच्या मऊपणात दिसून येतो. अर्ध्याहून अधिक रिकामा डबा अधिक श्वास घेतो. साठा कमी होईल तसा लहान डबा घ्यावा, हे त्यावरून कळेल.

कोंडू नयेत असे पदार्थ

काही पदार्थांना कोंडून ठेवणे चुकीचे असते. खारात मुरणाऱ्या भाज्या व कैऱ्या प्रारंभी आंबतात आणि त्यांतून कर्बद्विप्राणिल वायू निघतो. अशी बरणी आट्यांच्या झाकणाने गच्च बंद केली तर आतील दाब वाढत जातो, आणि उघडताना खार उसळतो किंवा काच फुटते. पण झाकण सैल ठेवावे तर हवा शिरून वर बुरशी धरते. हा पेच चीनमध्ये व युरोपात एका सुंदर युक्तीने सोडविलेला आहे. बरणीच्या गळ्याभोवती एक पन्हळ असते. तीत पाणी भरून झाकणाची कड त्या पाण्यात बुडवून ठेवतात. आतील वायू पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, परंतु बाहेरची हवा आत येत नाही. पन्हळीतील पाणी आटू न देणे एवढीच काळजी घ्यावी लागते.

कॉफीची गोष्टही अशीच आहे. तंजावर व कुंभकोणम या भागांत कॉफीचा सुवास हा घराच्या अभिमानाचा विषय असतो. ताज्या भाजलेल्या बियांतून काही दिवस कर्बद्विप्राणिल वायू बाहेर पडत राहतो. पण बिया दळल्या की तो त्वरेने निघून जातो, आणि त्याच वाटेने सुवासही. दळलेल्या भुकटीचे पृष्ठफळ फार मोठे असल्यामुळे प्राणवायूची क्रियाही वेगाने होते. म्हणून थोडी थोडी कॉफी दळून आणावी आणि ती घट्ट झाकणाच्या, जवळजवळ भरलेल्या लहान डब्यात ठेवावी. बियांच्या कारखानी पिशव्यांना आजकाल एक लहानशी झडप असते. ती वायू बाहेर सोडते आणि हवा आत घेत नाही. पाण्याच्या पन्हळीचेच हे नवे रूप होय.

हवाबंद बरणीतील धोका

आता सर्वांत गंभीर मुद्द्याकडे वळू. झाकण जितके घट्ट तितके अन्न सुरक्षित, अशी समजूत पुष्कळांची असते. ही समजूत घातक ठरू शकते.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जिवाणू मातीत सर्वत्र आढळतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तासन्‌तास टिकाव धरतात. प्राणवायू असताना हा जिवाणू वाढत नाही. पण हवाबंद बरणीत, ओल्या व आंबट नसलेल्या अन्नात, त्याला हवी तशी जागा मिळते, आणि तेथे तो अत्यंत जहाल विष निर्माण करतो. त्या विषाने मज्जातंतूंचे काम थांबते, स्नायू लुळे पडतात आणि श्वास बंद पडून मृत्यूही ओढवतो. अशा अन्नाला नेहमी वाईट वास येतोच असे नाही. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर शहरात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही बाधा झाली. तेथे तेलाच्या थरानेच झाकणाचे काम केले होते.

मग आपली लोणची व पुळिक्काच्चल निर्धोक कशी राहतात? आम्लता मोजण्याचे ‘पीएच’ नावाचे माप आहे. त्यात आकडा जितका लहान तितका पदार्थ अधिक आंबट. ४.६ किंवा त्याहून कमी पीएच असलेल्या अन्नात हा जिवाणू वाढू शकत नाही. चिंच, लिंबू, कैरी यांचा पीएच याहून पुष्कळ खाली असतो. भरपूर मीठ, भरपूर साखर आणि पुरेसे वाळविणे हेही त्याला अडवितात. याउलट ओले खोबरे, वांगी, शिजलेली डाळ, शेंगभाज्या, लसूण हे पदार्थ ४.६ च्या वर आहेत. खोबऱ्याची चटणी किंवा शिजलेली भाजी घट्ट बरणीत भरून, पाण्यात उकळून, फळीवर ठेवणे सर्वस्वी चुकीचे होय. अशा अन्नाचे डबे कारखान्यात दाबाखालील वाफेने सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवितात, आणि किती वेळ तापवावयाचे हे त्या त्या पदार्थासाठी व डब्याच्या आकारासाठी प्रयोगाने ठरविलेले असते. घरी असे पदार्थ ताजेच खावेत किंवा शीतकपाटात ठेवून लवकर संपवावेत. झाकण चांगले आहे म्हणून ते दीर्घकाळ ठेवू नयेत.

परीक्षा कशी करावी?

शाळेत करता येतील अशा तीन साध्या परीक्षा येथे दिल्या आहेत.

पहिली कागदाची. पातळ कागदाची अरुंद पट्टी बरणीच्या काठावर ठेवून झाकण नेहमीप्रमाणे लावावे व पट्टी ओढावी. ती सहज निसटली तर त्या जागी दाब नाही. काठाभोवती सहा ठिकाणी ही परीक्षा केली म्हणजे झाकण कोठे वाकडे आहे हे कळते.

दुसरी पाण्याची. रिकामी कोरडी बरणी घट्ट बंद करून कोमट पाण्यात बुडवून धरावी, आणि पाणी हळूहळू ५० अंशांपर्यंत गरम करीत न्यावे. आतील हवा प्रसरण पावू पाहते. फट असेल तेथून बुडबुडे निघतात. थंड काच एकदम गरम पाण्यात घालू नये, ती तडकते.

तिसरी वजनाची, आणि ही सर्वांत बोधप्रद. कडक भाजून निवविलेले पोहे सारख्या वजनाने चार बरण्यांत भरावेत. एकीवर दादरा, दुसरीवर मातीचे झाकण, तिसरीवर जुन्या कड्याचे व चौथीवर नव्या कड्याचे आट्यांचे झाकण लावावे. बरण्या न उघडता चार आठवडे दर आठवड्यास त्यांचे वजन करावे. शेजारी रोजचा पाऊस व हवेतील ओलावाही टिपून ठेवावा. वाढलेले वजन म्हणजे आत शिरलेले पाणी. अनुभवाने जे ठाऊक होते ते अशा रीतीने आकड्यांत मांडता येते, आणि कोणते कडे बदलावयाचे हे तर्काने नव्हे तर मापाने ठरते.

शेवटी

तंजावरच्या फळीवरील त्या बरण्यांकडे आता पुन्हा पाहू. दादऱ्याखालील मावडू, तेलाखालील पुळिक्काच्चल, घट्ट डब्यातील वत्तल आणि भरून ठेवलेली कॉफी यांतील प्रत्येकाची राखण त्याच्या शत्रूला अनुसरून केलेली आहे. नवी बरणी घेताना किंवा नवे झाकण घडविताना याच क्रमाने विचार करावा. प्रथम पदार्थ कशामुळे टिकला आहे ते पाहावे. मग त्याला कोणापासून भय आहे ते ठरवावे. त्यानंतर काठ, कडे आणि दाब यांची निवड करावी. हा क्रम उलटा करून केवळ घट्ट झाकणावर भिस्त ठेवणारा मनुष्य दार बंद करतो खरे, परंतु चोर घरात आहे की बाहेर, याची चौकशी त्याने केलेली नसते.